टोकाच्या आळीतला ठिपका

ठिपक्याला नाव नसतं, असं संपदाला वाटत होतं. घ्या! इतकी वर्षं संख्याशास्त्र घोटलं, डीएनएवर पीएचडी करायला घेतली, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? गावाला ठिपका दिसला की गाव आधी त्याचं बारसं करतं आणि मग त्याच्या बापाची चौकशी.

रविवारचा दिवस. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून उत्तनच्या किनाऱ्यावरचं ते सगळं गाव हॉलमध्ये येऊन बसलं होतं. संपदा लॅपटॉप लावत होती आणि तिचा जोडीदार अभिनव प्रोजेक्टरच्या वायरशी झोंबत होता. गेल्या वर्षी या दोघांनी गावात घरोघर फिरून लोकांची थुंकी गोळा केली होती. एका घरातून एकच माणूस, कारण सख्खी भावंडं घेतली की हिशेब बिघडतो. त्या थुंकीतला डीएनए काढायचा, हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांमधून मिळालेल्या डीएनएशी ताडून बघायचा, आणि कुठले जुने लोक किती प्रमाणात मिसळून आजचं गाव झालं याचं गणित मांडायचं, असं ते काम. कुणाचाही वैयक्तिक निकाल सांगायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. पण गावाला निदान चित्र तरी दाखवावं म्हणून संपदा हौसेनं आली होती. हौस! नडली ती ही हौसच.

पहिल्या रांगेत फ्रँक अंकल बसले होते. सत्तरीला आलेला माणूस, दोन होड्यांचा मालक. गावात कसलीही सभा असो, अध्यक्ष तेच. त्यांची धाकटी बहीण ज्युलिएट मागच्या दारापाशी फुग्यांचा टोप घेऊन उभी होती. फुगे म्हणजे यांच्या सणासुदीचे ते तळलेले, गोडसर, टम्म गोळे. पहाटे उठून तिनं हॉलभर माणसांना पुरतील एवढे तळले होते. ज्युलिएटनं लग्न केलं नव्हतं. टोकाच्या आळीतल्या घरात ती आईचं सगळं बघायची. आई नव्वदीच्या घरातली, कानानं कमी, अंथरुणाला बरीचशी खिळलेली. तिला अख्खं गाव 'मोठी आय' म्हणायचं.

"आता बघा," संपदानं सुरुवात केली, "तुमच्या घरी बाटली मसाला होतो. सुगरणीनं नुसता चाखला तरी ती सांगते ना, यात मिरची इतकी, धणे इतके, तीळ जरा जास्त पडलेत? आमचा प्रोग्राम तेच करतो. तीन-चार जुनी माणसं आम्ही त्याला देतो. इथल्या जंगलात शिकार करून जगणारे, इराणकडच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या नात्यातले, उत्तरेच्या गवताळ मैदानातले गुराखी. मग तो प्रमाण काढतो. जुळलं नाही तर सरळ सांगतो, हे मिश्रण मला मंजूर नाही."

"म्हंजे माज्या बायकोपेक्षा बरा," मागून कुणीतरी म्हणालं. "ती जुललं न्हाय तरी मंजूर करून घेतंय."

हॉल खळखळून हसला. एका म्हाताऱ्यानं हात वर करून विचारलं, "पोर्तुगीज किती हाय ते सांग आदी!" आणि पुन्हा हशा. संपदाला हे गाव फार आवडायचं. तिनं हसत हसतच पुढचं चित्र पडद्यावर टाकलं.

पडद्यावर ठिपके आले. पन्नास-साठ ठिपके, मध्यभागी दाटीवाटीनं जमलेले. प्रत्येक आळीला वेगळा रंग दिला होता, गावाला बरं वाटावं म्हणून. बाईला त्रिकोण, बाप्याला गोल, साठीच्या पुढच्यांना मोठा आकार. आणि वर उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, एक एकटा हिरवा त्रिकोण होता.

"पोरी," फ्रँक अंकलनी बोट दाखवलं, "ह्यो एकटा कोन गो? होडीतून पडला का काय?"

आता इथं गप्प बसावं की नाही? पण शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारला की त्याच्यानं गप्प बसवत नाही. संपदा म्हणाली, "नाव नाही आमच्याकडे, अंकल. फक्त आळी कळते. हिरवा रंग म्हणजे टोकाची आळी. त्रिकोण म्हणजे बाई. मोठा आहे, म्हणजे साठीच्या पुढची."

बोलून झाल्यावर तिच्या कानात तिचेच शब्द वाजले. हात माउसवरच राहिला.

टोकाच्या आळीत घरं ती किती! त्यातून थुंकी दिलेली बाई, तीही साठीच्या पुढची. हॉलला हिशेब करायला श्वासभरही वेळ लागला नाही. एक मान वळली, मग दुसरी, मग अख्ख्या हॉलच्या माना मागच्या दाराकडे वळल्या. टोप हातात घेऊन ज्युलिएट उभी होती. ती आधी हसली. आपल्याकडे सगळे का बघतात हे तिला कळलंच नव्हतं. मग तिनं पडद्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू तिथंच थिजलं.

"आपली ज्युली?" कुणीतरी म्हणालं.

"गावापरीस येगली?"

"आसं कसं व्हईल? बाप तर गावचा, आय गावची..."

आणि मग मागच्या खुर्चीवरून एका बाप्यानं, नाव घ्यायच्या लायकीचा नाही तो, तोंडातली घाण बाहेर काढली. "मंग मोठ्या आयला ईचारा ना, त्या साली बंदरात कोनची होडी लागली होती!"

दोघं-तिघं हसली. फ्रँक अंकल उठून उभे राहिले. सत्तर वर्षांत आपल्या आईबद्दल असं कुणी बोलेल हे त्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसेल. "नाही नाही," संपदा ओरडली, "असा अर्थ नाही त्याचा! नमुना खराब झालेला असू शकतो, आकड्यांत चूक असते, एका ठिपक्यावरून कधीच..." पण ऐकतंय कोण? मसाल्याची गोष्ट सगळ्यांना समजली होती. चूक, नमुना, आकडे, हे आता कुणाला समजून घ्यायचं नव्हतं.

ज्युलिएटनं टोप खाली ठेवला. फ्रॉकला हात पुसले. आणि कुणाकडे न बघता ती दारातून बाहेर पडली. फुगे तसेच राहिले. गाव घरी गेलं तेव्हा एकानंही त्यांना हात लावलेला नव्हता.

जेसल पार्कातल्या घरी आल्यावर संपदानं हे सगळं आईला सांगितलं. तिची आई शुभदा म्हणजे फटकळपणात कुणाला हार जाणारी नव्हे.

"शाब्बास," शुभदा म्हणाली. "लोकांच्या घरी जायचं, त्यांचं खायचं, आणि त्यांच्याच थुंकीवरून त्यांच्या आईची अब्रू काढायची. यासाठी शिकवलं तुला?"

"आई, मी नाव घेतलं नव्हतं गं!"

"आळी सांगितलीस, वय सांगितलंस, बाई आहे म्हणून सांगितलंस. मग राहिलं काय, आधार कार्डाचा नंबर?"

संपदाला रडूच कोसळलं. गेल्या वर्षी ज्युलिएटनं किती मायेनं खाऊ घातलं होतं! आणि आता तीच बाई आईच्या उशाशी बसून काय विचारत असेल? माझा बाप कोण, असं नव्वद वर्षांच्या आईला विचारायची वेळ आणली आपण तिच्यावर. फोन करायचं धैर्य होईना. आणि फोन करून सांगणार तरी काय? आकडे तर आकडेच होते. प्रोग्रामनं गावाचं मिश्रण त्या त्रिकोणाला लावून बघितलं होतं आणि चक्क नामंजूर केलं होतं.

सोमवारी सकाळी चहा निवत ठेवून ती पुन्हा लॅपटॉपला चिकटली. खराब नमुना? नव्हता, चांगला स्वच्छ होता. दुसऱ्या कुणाची थुंकी मिसळली? तसंही दिसेना. शेवटी, काहीच सुचेना म्हणून, तिनं प्रयोगशाळेतल्या सगळ्या जुन्या नमुन्यांशी तो ताडून बघितला. प्रोग्राम एकेक जोडी तपासत गेला. नातं नाही, नातं नाही, नातं नाही. आणि मग एका जोडीपुढे त्यानं लिहिलं: हे दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे आहेत.

एक नमुना, टोकाच्या आळीतला हिरवा त्रिकोण. दुसरा, तीन वर्षांपूर्वी शिकत असताना हौसेनं तपासून घेतलेली संपदाची स्वतःची थुंकी.

संपदानं डोळे चोळले. पुन्हा चालवलं. तेच. आपणच! तो गावाबाहेर पडलेला ठिपका म्हणजे आपण! बाप कऱ्हाडचा, आई ग्वाल्हेरची, आणि उत्तनच्या कोळीवाड्यात मोजायला बसलेली ही शहाणी. वेगळी नाही तर काय दिसणार?

तिनं अभिनवला फोन लावला. "अभि, ज्युलिएट आंटींच्या घरी आपण थुंकी घेतली, तो दिवस आठवतोय?"

"न आठवायला काय झालं?" अभिनव म्हणाला. "त्या लाजत होत्या ना. पाहुण्यांसमोर घरात थुंकायचं कसं म्हणून पदर... म्हणजे रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवटी तूच म्हणालीस, बघा आंटी, मी थुंकून दाखवते. आणि थुंकलीस की नळीत."

"कुठल्या नळीत?"

"कुठल्या म्हणजे?" अभिनवनं विचारलं.

"अभि, कुठल्या नळीत थुंकले मी?"

"मी... मी स्टिकर आधीच लावून ठेवले होते गं. त्यांचं स्टिकर लावलेली नळी स्टँडमध्ये होती. तू तीच उचलली असशील. मग त्यांनी दुसरी घेतली, बिनस्टिकरची. मला वाटलं, बिनस्टिकरची ती तुझी. मी त्यावर तुझं नाव लिहिलं आणि आपली तपासणीची नळी म्हणून पाठवून दिली." त्याचा आवाज रडवेला झाला. "अरे देवा. अरे देवा, संपदा!"

तिनं फोन खाली ठेवला आणि ती 'संपदा' नावाची नळी चित्रात घातली. आपल्याच नावाची म्हणून ती तिनं कधी चित्रात घेतलीच नव्हती. ठिपका पडला तो थेट गर्दीच्या मधोमध. गावाचं मिश्रण लावून बघितलं, प्रोग्रामनं बिनतक्रार मंजूर केलं. ज्युलिएट गावचीच होती. अस्सल, शंभर नंबरी गावची.

"आई!" संपदा किंचाळलीच. "माझी थुंकी होती गं! तो ठिपका मी होते!"

शुभदानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मग बसलीस काय? पळ आधी!"

संपदा पळालीच. स्टेशनच्या भुयारी मार्गानं पश्चिमेला आली, बसची वाट बघवेना म्हणून रिक्षाला हात केला. "उत्तन. जल्दी चलो भैया, एकदम जल्दी."

"क्या हुआ मॅडम, कोई गुजर गया क्या?"

"नहीं, बच गया!" संपदा म्हणाली आणि एकटीच हसली. राई गेलं, मुर्धा गेलं, डोंगरीचा चढ आला. कधी एकदा ते घर येतंय असं तिला झालं होतं. मनात वाक्यं जुळत होती. आंटी, माफ करा. आंटी, मीच गाढव. हवं तर गावासमोर माझ्या मुस्कटात मारा. पण तुमच्या आईला डाग नाही, आणि तुम्हालाही नाही. ज्युलिएट आधी रागावेल, मग रडेल, आणि मग चिडचिड करत का होईना, पानात काहीतरी वाढेल, एवढी तिला खात्री होती.

टोकाच्या आळीत बायका दारादारांतून बसल्या होत्या. तिला बघून कुजबुज थांबली. संपदा कुणाकडे न बघता सरळ घरात शिरली.

फ्रँक अंकल ओट्याच्या आतल्या बाजूला खुर्चीत बसले होते. दाढी केलेली नव्हती. आतल्या खोलीत खाटेवर मोठी आय भिंतीला टेकून बसली होती, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, ज्युलिएट. दोघींची तोंडं दोन दिशांना होती.

"आंटी!" संपदानं धापा टाकतच सांगून टाकलं. "चूक झाली! माझी चूक! तो ठिपका तुमचा नाही, माझा आहे. मी थुंकून दाखवलं होतं ना, ती नळी तुमच्या नावानं गेली. हा बघा तुमचा खरा ठिपका, हा मधला. तुम्ही गावच्याच आहात!"

संपदानं मोबाइल पुढे केला होता, तो तसाच राहिला. तिला वाटलं, त्यांना नीट समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, सोपं करून. फ्रँक अंकलनी मान खाली घातली. ज्युलिएटचे डोळे सुजून लाल झाले होते. ते तिनं संपदाकडे वळवले.

"कधी कळलं तुला हे?" तिनं विचारलं.

"आत्ता सकाळी. कळलं तशी धावत आले."

"सकाळी," ज्युलिएट म्हणाली. बस, एवढंच.

मग फ्रँक अंकल बोलले. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसे. "काल हॉलातून ज्युली घरी आली. आयच्या म्होरं उभी राह्यली. इचारला, आय, माजा बाप कोन? मशीनमंदी आलाय, मी गावची न्हाय. आय लय येल नुसती भितीकडं बघत व्हती. मंग बोलली..." त्यांनी खाटेकडे बघितलं. "बोलली, बाप सोड गो पोरी, मी तुजी आयपन न्हाय."

संपदाच्या हातातला मोबाइल खाटेवर पडला.

काय ऐकलं हेच तिला कळेना. ती वेड्यासारखी तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली. फ्रँक अंकल सांगत होते आणि तिच्या डोक्यात ते थेंबाथेंबानं उतरत होतं. मोठ्या आयला फ्रँकच्या पाठीवर एक मूल झालं होतं, ते जन्मतःच गेलं. त्याच आठवड्यात गावातल्या एका बिनलग्नाच्या पोरीला, खाडीपलीकडे नातेवाइकांकडे लपवून ठेवलेल्या पोरीला, मुलगी झाली. दोन्हीकडे सुईण एकच. तिनं अंधारातच होडीतून ती पोर आणली आणि मोठ्या आयच्या ओटीत घातली. गेलेल्या बाळाच्या जागी जिवंत बाळाचा बाप्तिस्मा झाला. सुईण गेली, बाप गेला, आणि हे आता एकट्या मोठ्या आयच्या पोटात राहिलं होतं. फ्रँकलासुद्धा माहीत नव्हतं. पोरीचे खरे आईबाप दोघंही गावचेच. कोण, ते सांगणार नाही म्हणून मोठ्या आयनं तेव्हाच क्रुसावर हात ठेवला होता.

"आनि कालपास्नं," फ्रँक अंकल म्हणाले, "ज्युली तिला आय म्हनली न्हाय. पेज भरवते, सगला करते. पन हाक न्हाय मारली."

संपदा खाटेच्या पायाशी जमिनीवरच बसली. अहो, हे काय होऊन बसलं! खोट्या ठिपक्यानं खरं बाहेर काढलं होतं. ज्या गोष्टीचा तिच्या आकड्यांना वाससुद्धा नव्हता, ती गोष्ट नव्वद वर्षांच्या बाईनं ओकून टाकली होती. का? तर मशीनला सगळं कळलंय, आता लपवून काय उपयोग, असं तिला वाटलं म्हणून.

"काय बोलतंय ती?" मोठ्या आयनं विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, संपदा कशाला आली तेही कळेना. "ही पोरगी कला आली?"

फ्रँक अंकल उठले आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "आय! मशीनला काय ठाव नव्हता! ही चुकली! तो ठिपका हिचा व्हता!"

म्हातारीनं ऐकलं. समजायला वेळ लागला. मग तिनं मान वळवली आणि संपदाकडे बघितलं. नजर अजून चांगली होती तिची.

"त्याला ठाव नव्हता?"

"नाही, आजी," संपदा म्हणाली.

"कंदी कललं असता का?"

खरं सांगायचं तर काय सांगायचं? गावचंच मूल, गावचेच आईबाप. घरातून एकाचीच थुंकी घेतलेली, तेव्हा भावाशी ताडून बघायचा प्रश्नच नव्हता. गावाचं मिश्रण बरोब्बर जुळलं होतं. शंभर वेळा प्रोग्राम चालवला असता तरी त्यानं शंभर वेळा मंजूरच म्हटलं असतं. संपदाला खोटं बोलावंसं वाटलं, देवाशपथ वाटलं. पण म्हातारी डोळ्यांत डोळे घालून बघत होती.

"नाही, आजी. कधीच कळलं नसतं."

मोठ्या आयनं उजवा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर मारला. फटकन आवाज झाला. "मंग मी कला बोलले?" पुन्हा मारला. "ह्या तोंडानं कला बोलले? एवरी वर्सं धरलं, आनि मरायच्या टायमाला..." पुन्हा. फ्रँक अंकल नुसते बघत राहिले. त्या सुरकुतलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

ज्युलिएट खिडकीपासून उठली. धावलीच. तिनं म्हातारीचा हात हवेतच धरला.

"आय, नको," ती म्हणाली. "आय! नको ना गो!"

म्हातारी थांबली. तिनं ज्युलिएटकडे बघितलं, आणि मग तिचं सगळं अंगच हुंदक्यांनी हलायला लागलं. ज्युलिएट खाटेवर बसली, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि स्वतःही ढसाढसा रडली. दोघी काय काय बोलत होत्या ते संपदाला कळलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच.

बऱ्याच वेळानं ज्युलिएटनं तोंड पुसलं. "तू जा आता," ती संपदाला म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "जेवायला नको थांबू."

"आंटी, मी..."

"जा पोरी. आनि घरातलं घरात राहू दे."

संपदानं मोबाइल उचलला. फ्रँक अंकल दारापर्यंतसुद्धा आले नाहीत.

बाहेर आळी गच्च भरली होती. घरातलं रडणं बाहेर ऐकू गेलं होतं, मग काय विचारता! पुढच्या दारातली टिना, ज्युलिएटची बालमैत्रीण, कंबरेवर हात ठेवून वाटेतच उभी होती. तिच्या मागे काल हॉलमध्ये हसलेले दोन चेहरेही होते.

"काय जाला गो?" टिनानं विचारलं. "का रडतात त्या?"

"माझी चूक झाली होती," संपदा म्हणाली. तिनं आवाज मोठा केला. शेवटच्या दारापर्यंत ऐकू जायला हवं होतं. "तो बाहेरचा ठिपका माझा होता. माझी थुंकी ज्युलिएट आंटींच्या नावावर गेली होती. त्यांचा खरा ठिपका गावाच्या मधोमध आहे."

आळीतून एकच गलका उठला. "बग! मी काय बोल्ले व्हते?" "मना म्हायीतच व्हता!" कालपर्यंत कुणाला काय माहीत होतं ते सगळ्यांनी बघितलेलं होतं, पण आता प्रत्येकाला सगळं आधीपासूनच माहीत होतं. कुणीतरी त्या घाणेरड्या तोंडाच्या बाप्याचं नाव घेऊन त्याच्या घराकडे बोट दाखवत शिव्या घालायला लागलं. टिनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे आमची ज्युली मोठ्या आयचीच पोर ना?" तिनं विचारलं. "तुजा शास्त्र तसाच सांगते ना?"

सगळे संपदाच्या तोंडाकडे बघत होते.

शास्त्र तसं सांगत नव्हतं. ठिपका गावात पडला म्हणजे माणूस गावचा, एवढंच. कुणाच्या पोटची, हे त्या चित्रातून सांगता येत नाही. विद्यार्थ्यांच्या पेपरात असं वाक्य दिसलं असतं तर संपदानं लाल शाईनं फुली मारली असती. आतून अजून म्हातारीच्या हुंदक्यांचा आवाज येत होता, आणि मधूनमधून ज्युलिएटचा, आय, आय, असा.

"हो," संपदा म्हणाली. "मोठ्या आयच्याच पोटची. शंभर टक्के. डीएनएमध्येच आलंय."

टिनानं तिला मिठी मारली. बायका दारं उघडून ज्युलिएटला हाका मारायला लागल्या. संपदा त्या गर्दीतून वाट काढत रस्त्यावर आली आणि रिक्षा बघत उभी राहिली. आपण इतकं सरळ, इतकं ठाम खोटं बोलू शकतो, याचाच तिला धक्का बसला होता.